शिवेच्या अलीकडे

ऑटो बाभळीच्या काट्यांपुढे थांबला, तसे रस्ता अडवून बसलेले अकराही जण उठले. सकाळपासून चहाच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. हाताला काम असं आत्ता आलं.

पलीकडच्या गावाशी गायरानावरून जुंपली होती. काल या अकरांतल्या घनश्यामचा भाऊ डोकं फुटून यवतमाळच्या दवाखान्यात गेला. काठी पलीकडच्या पिंटूची होती, हे दोन्ही गावांना पाठ होतं.

ऑटोत पिंटूची बायको होती, निकिता. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरलेली, ओठ दातांखाली. पायांवरून खालपर्यंत गोधडी.

"घाटंजीले नेऊन राह्यलो," ऑटोवाला म्हणाला. "कळा सुरू झाल्या."

दोघे काटे ओढायला वाकलेसुद्धा. अडलेल्या बाईची गाडी कोणी थांबवत नाही. ती गावाची शीव ओलांडेपर्यंत कोणी कोणावर काठीही उचलत नाही. भांडण केवढंही असो, एवढं दोन्ही गावं पाळत आलेली.

घनश्याम मात्र गोधडीकडे पाहत होता. मे महिना होता.

"एवढ्या उनात गोधडी कायले?"

त्यानं काठीच्या टोकानं ती उचलली. खाली पिंटू, गुडघे पोटाशी घेऊन. आधी त्यालाच जन्माला यायची घाई असल्यासारखा.

"बाईच्या आडून येतं बे?" घनश्यामचा आवाज चिरकला. "काकू, पाह्य! आता कायची अडलेली बाई? यानंच बाटवली गाडी."

चहाची किटली घेऊन आलेली बेबीताई पुढे झाली. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. अकरापैकी सात तर नक्कीच.

"गाडी बाईचीच हाय. हा फुकटात चढला, त्याले उतरव. उद्या तुही सून त्यायच्या गावावरून जाईन, तवा तिचीबी गोधडी उचकतीन ते."

पिंटू आपणच उतरला. "एकटी कशी धाडू, मावशी? म्हणून..." तो ऑटोपासून बाजूला झाला. "इले जाऊ द्या."

"जाईन ना," घनश्याम म्हणाला. "गाडी शिवेपार होऊ दे. मंग आपण बोलू."

अकरा काठ्या जमिनीला टेकल्या. शिवेपुढचा नियम बेबीताईकडेही नव्हता.

ऑटो निघाला. घाटंजीकडची शीव म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, रपटा, दोनशे पावलांवर. कोणी पिंटूकडे पाहत नव्हतं. सगळे ऑटोकडे पाहत होते, आणि घनश्याम तळहात धोतराला पुसत होता. दीडशे पावलं. पावणेदोनशे.

रपट्याच्या अलीकडे ऑटो थांबला.

"बंद पडला काय?"

"नाई. इंजिन चालू हाय."

निकिता उतरली. दांडीला धरून क्षणभर वाकली, मग चार पावलं टाकून सडकेच्या मधोमध बसली. रपट्याच्या या बाजूला. ऑटोवाला हातवारे करत होता. ती मान हलवत होती. नाही. नाही.

पिंटू पळायला वळला. कोणी अडवलं नाही, आणि काठीही कोणी उचलली नाही.

बेबीताईनं किटली खाली ठेवली, पदर खोचला.

"उभे कायले? बसा सावलीत," जाता जाता ती घनश्यामला म्हणाली. "पहिलटकरीण हाय. टाईम लागते."