खंडेनवमीची साफसफाई

हार घातलेला जुना कॉम्प्युटर शर्वरीने सुरू केला, तर पडद्यावर तिच्या ओळखीचं काहीच नव्हतं.

नवजात बाळांच्या काचेच्या पेटीची ऑपरेटिंग सिस्टीम फक्त याच मशीनवर तयार व्हायची. निवृत्त होण्याआधी बेडेकरसरांनी ते जुळवून ठेवलं होतं. दुसरीकडे तयार केलेली सिस्टीम पेटीत चालतच नसे. इस्पितळातली एक पेटी जास्त तापत होती. त्यामागची चूक शर्वरीने सकाळीच शोधून दुरुस्त केली होती; आता या मशीनवर नवी सिस्टीम तयार करून पाठवायची तेवढी बाकी होती.

“मॅडम, खंडेनवमीची पूजा म्हणून सगळी मशीनं साफ केली,” सपोर्टचा तुळशीदास पेढा देत म्हणाला. “याच्यात तर नुसता जुना कचरा. फॉरमॅट मारला, आता बघा कसं पळतं.”

तिने सरांना फोन लावला. “सर, जुन्या मशीनवरच्या सगळ्याची कॉपी आहे कुठे?”

“अगं, त्याला कोण हात लावेल, असं वाटलं मला.”

फोन ठेवते तोच इस्पितळातून सिस्टरचा आला. “मॅडम, पेटी पुन्हा तापली. बाळाला काढून आईच्या छातीशी धरलंय. दुरुस्त सिस्टीम कधी पाठवताय?”

पेढा अजून शर्वरीच्या हातातच होता.

“तसंच धरून ठेवा,” एवढंच तिला म्हणता आलं.