पहिलं पेडल

"आधी थरथरीचं पेडल. मग डिस्टॉर्शन, मग डिले, अगदी शेवटी रिव्हर्ब. बाकीची इकडची तिकडे झाली तर एक वेळ चालतील, पण पहिलं हलवायचं नाही. उघडायचं तर नाहीच. कबूल?"

दादाने पेडलं दाखवताना असं बजावलं, तेव्हा धाकटी हसत "कबूल" म्हणाली होती. आज नाट्यगृहाच्या रंगमंचावर गुडघे टेकून दादाच्या सिंथला, त्या विजेवरच्या पेटीला, आवाज बदलणारी ही पेडलं जोडताना तिला त्याच शब्दाची धाकधूक वाटत होती.

नव्या नाटकाचं संगीत दादाला मिळणार की नाही, ते आज ठरायचं होतं. कितीतरी दिवसांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि या पठ्ठ्याचे नखरे सकाळपासून सुरू! शर्टाची बटणं तिच्याकडून लावून घेतली. "बोटं वाजवायला राखून ठेवलीत," म्हणे. इथे दिग्दर्शिकाबाईंनी चहा पुढे केला, तर "निवू दे." चहा निवला, वर साय धरली, तरी याने कपाला हात लावला नाही.

दादाने सूर धरला. उजवा हात पट्ट्यांवर, डावा सूर वरखाली हलवणाऱ्या कडेच्या चाकावर. पाण्यावर उजेड हलावा तसा सूर कापू लागला. या कापऱ्या सुरावरच तर लोक जीव टाकत.

"वा!" काचेच्या खोलीतून ध्वनिवाला म्हणाला. "पण शेवटच्या प्रवेशात मला सरळ सूर हवाय. जराही न हलणारा. ते पहिलं पेडल तेवढ्यापुरतं काढा."

"निघणार नाही."

"मग रिव्हर्बच्या मागे लावून बघू?"

"तेही नाही."

"अहो, पेडल आहे की देव्हाऱ्यातला देव?" बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "सरळ सूर नसेल, तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल हो."

दादा तोंड धुवायला आत गेला. धाकटी तडक काचेच्या खोलीकडे गेली.

"मी काढते गुपचूप. त्याला सांगू नका."

"बघा हां, ताई. चिडले तर?"

"चिडू दे. माझाच भाऊ आहे."

परत येऊन तिने पेडलच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि सिंथ थेट डिस्टॉर्शनला जोडला. दिलेला शब्द मोडताना ती स्वतःशीच पुटपुटत होती. पण त्याच्याच भल्यासाठी ना? पेडल मांडीवर घेऊन तिने वर अंगावरची शाल ओढली. काड्यापेटीसारखं हलकं लागलं ते.

दादा आला, बसला. खाली त्याचं लक्ष गेलं नाही.

"शेवटचा प्रवेश," बाई म्हणाल्या.

दादाने सूर धरला. सूर कापत होता.

धाकटीने वायरी पुन्हा पाहिल्या. बरोबर होत्या. तिने शालीखाली पेडलचं झाकण चाचपलं. स्क्रू सैल होता, नखानेच निघाला. आत एक सेल, एक लाल दिवा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली साधी वायर. बाकी सगळं पोकळ.

तिने वर पाहिलं. दादाने डावा हात चाकावरून जरासा उचलला होता. सूर सुतासारखा सरळ झाला. पण मोकळा हात हवेत थरथरतच राहिला, आणि बाईंनी मान वर करायच्या आत त्याने तो परत चाकावर दाबला.

काचेआडून ध्वनिवाला खुणेने विचारत होता, काढलं ना?

"काढायचं राहिलंच की," धाकटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "निघत नाही हो ते." मग झाकण नीट बसवून ती खाली वाकली, आणि ते पेडल पहिल्या जागी जोडायला लागली.