मिशीवाल्या सरदाराचं चित्र

“पुन्हा तोच सरदार?” एर्सिलियाने विचारलं.

“तोच,” अत्तिलिओ म्हणाला. “चेहरा जरा ठळक येऊ दे. चौकट नको. आणि काच तर मुळीच नको.”

एर्सिलियाने मान डोलावली, पण तिच्या कपाळावरची आठी काही गेली नाही.

इटलीतल्या नापोली शहरात एका चिंचोळ्या गल्लीत तिचं दुकान होतं. सतराव्या शतकातली, बरोक काळातली व्यक्तिचित्रं ती कॅनव्हासवर छापून घ्यायची, वरून हाताने वॉर्निश फिरवायची आणि लोक ती कौतुकाने दिवाणखान्यात लावायचे. ज्यांच्या घराण्यात कधी कुणी उमराव झाला नव्हता, त्यांना तिच्याकडे तयार पूर्वज मिळायचे. कुणी लाल झग्यातला कार्डिनल धर्मगुरू न्यायचं, कुणी मोत्यांच्या माळा ल्यालेली सरदारीण. पण न्यायचे ते एकदाच. भिंत भरली की गिऱ्हाईक संपलं.

अत्तिलिओचं तसं नव्हतं. पहिल्यांदा आला तेव्हा दारातच थबकला होता. समोर काळ्या पोशाखातला स्पॅनिश सरदार टांगलेला होता. वर पिळलेल्या मिशा, दाबून धरलेले ओठ, बघणाऱ्याला जागच्या जागी उभं करणारी नजर. अत्तिलिओने घाम पुसला आणि तेवढंच एक चित्र मागितलं. तेव्हापासून दर दोन-तीन आठवड्यांनी तो यायचा आणि तोच सरदार घेऊन जायचा.

“एवढे सगळे लावता तरी कुठे?” एर्सिलियाने आज शेवटी विचारलंच.

“एकाच भिंतीवर.”

“मग आधीचे?”

“टिकत नाहीत,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या गालावरचा ताजा ओरखडा ताणला गेला. बोटांनाही पट्टी होती.

“हे काय झालं?”

“मांजर आहे घरात.”

तो गेला तशी आतल्या खोलीतून नणंद बाहेर आली. तितीना तिचं नाव. गल्लीतली एकही गोष्ट तिच्या कानातून सुटायची नाही.

“वहिनी, बोटांना पट्टी बांधायला लावणारं मांजर मी तरी बघितलं नाही हो.”

“तू गप गं.”

“मी गप बसेन, पोलीस बसतील का? कोपऱ्यावरच्या दुकानाला कुलूप लागलं ते विसरलात? नकला अस्सल म्हणून परदेशी लोकांच्या गळ्यात मारायचा मेला. हाही तसलाच असणार. नाहीतर कॅनव्हासच्या मागे काहीतरी लपवून पाठवत असेल. अडकलो तर आपण अडकू, तो जाईल निसटून!”

एर्सिलियाने तिला उडवून लावलं खरं, पण त्या रात्री तिला धड झोप लागली नाही. नवरा गेल्यावर दुकान तिने एकटीने उभं केलं होतं. गल्लीत तिच्या नावाला मान होता, तो एका माणसापायी धुळीला मिळायला नको होता.

पुढच्या वेळी अत्तिलिओ चित्र न्यायला आला तो भर दुपारी. गल्लीत खिडक्यांच्या झडपा लागल्या होत्या, लोक जेवून आडवे झाले होते. तो कागदात गुंडाळलेलं चित्र काखोटीला मारून निघाला. एर्सिलियाने तितीनाला दुकानात बसवलं आणि मागोमाग गेली.

तो गोदीकडे वळला नाही, परदेशी लोकांच्या हॉटेलांकडेही नाही. चढ चढून एका जुन्या इमारतीच्या चौकात शिरला आणि जिन्याने वर गेला. चौकात एक बाई कपडे वाळत घालत होती.

“वर कोण राहतं हो?” एर्सिलियाने विचारलं.

बाईने आधी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग आवाज खाली आणला. “अत्तिलिओ आणि त्याची म्हातारी आई. बिचारीला आताशा धड कुणी ओळखू येत नाही. तुम्ही सरकारी आहात का?”

“नाही. का?”

“मग सांगते. हा असं काहीतरी गुंडाळून घेऊन येतो ना, की थोड्याच वेळात वर मारहाण सुरू होते. धपाधप आवाज येतात, म्हातारी किंचाळते. एरवी तसा चांगला वागतो हो, माझ्या पिशव्यासुद्धा वर नेऊन देतो. पण ह्याचा बाप ओरेस्ते तसलाच होता. सगळा चौक ऐकायचा. तो मेला, पण रक्त कुठे जाणार?”

“आणि तुम्ही कुणीच काही बोलत नाही?”

“तेव्हा बोललो नाही,” बाई चिमटा शोधत म्हणाली, “आता कुठल्या तोंडाने बोलणार?”

तेवढ्यात वरून आवाज आला. धप्. पुन्हा धप्. मग म्हातारीची किंकाळी.

एर्सिलिया धापा टाकत जिना चढली. एका हातात फोन होता, पोलिसांचा नंबर लावायला अंगठा तयार होता. नकलांचं भय आता तिच्या डोक्यात नव्हतंच. असल्या माणसाला आपण हसून चित्रं विकली, ह्याचीच तिला किळस आली. दार नुसतंच लोटलेलं होतं. तिने ते ढकललं.

अत्तिलिओ भिंतीला पाठ लावून उभा होता. सरदाराचं चित्र त्याने दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं होतं आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते. समोर त्याची वाळकी आई लांब लाटणं डोक्याच्या वर उगारून उभी होती.

“उचल ना आता हात, ओरेस्ते! उचल!”

लाटणं सरदाराच्या मिशीवर बसलं. कॅनव्हास टरकन फाटला. अत्तिलिओने चित्र तसूभरही हलवलं नाही.

“मार, आई,” तो हळूच म्हणाला. “आणखी मार.”

म्हातारीने आणखी एक घाव घातला. मग तिचा जोर सरला. लाटणं टेबलावर ठेवून तिने विस्कटलेले केस सारखे केले. दारात उभ्या असलेल्या एर्सिलियाकडे तिचं लक्ष गेलं आणि तिचा चेहरा एकदम निवळला.

“ये, आत ये, बाई. घाबरू नकोस,” ती म्हणाली. “या घरात आता मारणारं कुणी उरलं नाही.”