दुसरी सही

या मायबापहो, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण ती तुमच्या कानी घातल्याशिवाय माझं मन शांत व्हायचं नाही.

समुद्रापलीकडच्या एका लहानशा दवाखान्यात वहीदादा औषधांच्या कपाटापुढे मांडी घालून बसले होते. उद्या त्यांना घरी परत निघायचं होतं, आणि त्याआधी कपाट वहीशी जुळवून पाहायचं होतं. सगळं आयुष्य दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेलेला हा माणूस. देवानं दिलेलं एवढं एकच कसब कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून निवृत्तीनंतर स्वखर्चानं इथे आला. निघताना सूनबाई म्हणाली होती, बरं झालं, आमच्या साखरेच्या डब्याची मोजदाद तरी थांबेल.

वही म्हणजे जुन्या कॅलेंडरांची कोरी पाठ, दाभणानं शिवलेली. रेघा फळीच्या काठानं मारलेल्या. पेन एकच, तेही हरवू नये म्हणून सुतळीनं कपाटाला बांधलेलं. आले, गेले, उरले, आणि शेवटी बोटभर रुंद शेऱ्याचा रकाना. शिवाय एक नियम: दोन सह्या झाल्याशिवाय कपाटातलं काही बाहेर काढायचं नाही. एक दाईमावशींची, दुसरी शाळेच्या मास्तरांची. औषधं पाठवणाऱ्या संस्थेनं कळवलंच होतं, हिशेब चोख दाखवा, नाहीतर पुढची पेटी विसरा.

त्याआधी मावशी दोरीला गाठी मारून सगळं लक्षात ठेवायच्या. त्यांना सही शिकवायला दादांना पंधरा दिवस लागले. मावशी म्हणायच्या, तुमची ही वही म्हणजे सासूच की, विचारल्याशिवाय कशाला हात लावू देत नाही. दादा पोट धरून हसायचे.

मलमं जुळली. तापाच्या गोळ्या जुळल्या, एकूण एक. दादांची कळी खुलली. मग बाळंतपणानंतर रक्त थांबेना झालं की टोचायच्या कुप्या आल्या. वहीत सात. कपाटात आठ. त्यांनी पुन्हा मोजल्या. आठच.

"मावशी, कमी भरली असती तर समजलो असतो," चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले. "जास्त कशी? कपाट दूध पितं की काय, वाढायला लागलंय ते."

मावशी दाराशी धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. त्या हसल्या नाहीत.

दादांनी पान उलटलं. मंगळवारी एक कुपी गेल्याची नोंद होती. दादा त्या दिवशी तिकिटाच्या खटपटीत शहरात होते, तरी दोन्ही सह्या जागच्या जागी. फक्त शेऱ्याच्या रकान्यात कुणाचा तरी विटकरी अंगठा उमटलेला. दादांनी नाराजीनं मान हलवली. मळक्या हातानं वही धरू नका, हे हजारदा सांगून झालं होतं.

"तो वीटभट्टीवाल्याचा," मावशी म्हणाल्या. "त्याच्या बायकोसाठी कुपी लागत होती."

मग घड्या न थांबवता त्यांनी सांगितलं. मंगळवारी दुपारी मूल झालं, रडलंही, पण आईच्या अंगावरून जायचं थांबेना. मावशींनी आपली सही केली. मास्तर टेकडीपलीकडे बाजाराला गेलेले. तेव्हा नवऱ्यानंच वही काखेत मारली आणि धावत सुटला. मास्तर भेटले, त्यांनी लगेच सही दिली. तो तसाच धावत परत आला, तोवर ऊन कललं होतं आणि मावशी त्याच्या बायकोच्या तोंडावर चादर ओढत होत्या.

दादांनी कपाटाच्या कुलपाकडे पाहिलं. "किल्ली मास्तरांकडे होती का?"

"नाही दादा. माझ्या कमरेला होती."

"मग कुपी काढायची होती ना, मावशी. दुसरी सही नंतर घेतली असती."

मावशींनी पहिल्यांदाच मान वर केली. "एकदा नियम मोडला तर पेटी बंद होईल, असं तुम्हीच म्हणालात. पेटी बंद झाली तर वर्षाला किती बाया जातील, तेही तुम्हीच मोजून सांगितलंत. मी तिचा हात धरून बसले होते दादा, आणि त्या बाकीच्या मोजत होते."

आवाजात राग नव्हता. राग असता तर दादांना बरं वाटलं असतं. आल्याबरोबर मला का नाही सांगितलं, एवढंच त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, दमून आला होतात, उद्या निघायचंय, म्हटलं कशाला.

शेवटची चादर बाजूला ठेवून त्या त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. "आता ही आठवी कुपी कुठे लिहायची, तेवढं दाखवून जा. नाहीतर तुमच्यामागे माझा हिशेब चुकायचा."

दादांनी पेन उचललं. सुतळी ताणली गेली. फरक आला तर कारण शेऱ्यात लिहायचं, हा नियमही त्यांचाच. पण रकाना बोटभर, आणि त्यात अंगठा आधीच उमटलेला. पेन कुठे टेकवावं ते त्यांना कळेना.

मायबापहो, त्या वहीत औषधांची नावं आहेत, तिचं नाही. तेव्हा आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या वीटभट्टीवाल्याच्या बायकोची आठवण काढा.