गोधडी जवारी

"तुही जवारी या डब्यात नाही," अन्नपूर्णानं डब्यावर हात आडवा धरला. "तिकडं. गाडग्यात."

दाराजवळच्या गाडग्यात पंचफुलानं मूठ सोडली आणि भिंतीशी आपल्या जागेवर जाऊन बसली.

डोणगावापासून दोन कोसांवरच्या त्या शाळेत रंगराव गुरुजींचा नेमच होता. दर शनिवारी सातवीच्या प्रत्येकानं घरून मूठभर जवारी आणायची. ती वर्गातल्याच एखाद्या अडलेल्या घरी जायची. कोणाच्या, ते फक्त गुरुजींना ठाऊक. विचारलंच तर म्हणायचे, "तुम्ही मूठ टाका. पुढचं मी पाहतो."

पंचफुलाच्या घरच्यांनी बुद्धाची दीक्षा घेतल्याला आठ वर्षं झाली होती, महाराष्ट्र झाल्याला चार. पण गावाच्या डोक्यातली शिवाशिव कुठं जायला! गुरुजी ते वेगळं गाडगं रोज पाहायचे आणि गप्प बसायचे. त्यांनाही त्याच गावात राहायचं होतं. शनिवारी ते डबा तेवढा रिकामा करून न्यायचे. गाडगं तसंच राहायचं, आणि आता गळ्यापर्यंत भरलं होतं.

त्यातून ती जवारीही हसू येण्यासारखी. पंचफुलाची आई बेबीताई दहा जणांच्या वावरात राबायची आणि मजुरीत मिळेल तो दाणा घरी आणायची. पांढरी, पिवळी, लाल, सगळी एकातच. पाटलाच्या पुष्पानं तिला नाव ठेवलं, गोधडी जवारी. पोरी हसून हसून लोळल्या होत्या. सगळ्यात मोठ्यानं अन्नपूर्णा हसली होती.

तिला हसणं भागच होतं. तिचे वडील महादेवराव दिवाळीपासून खामगावात दवाखान्यात पडून होते. दुपारच्या सुट्टीत पुष्पाच्या घोळक्यात बसून भाकर खायची, तर हल्ली तिच्या फडक्यात भाकरीसोबत नुसतं मीठ-तिखट असायचं. "तुह्या घरी भाजी होत नाही काय वं?" पुष्पानं एकदा विचारलंसुद्धा. त्या घोळक्यातून उठवलं, की बसायला जागा एकच उरत होती, पंचफुलाशेजारी भिंतीशी.

खायला कमी नव्हतं म्हणा. मामा जळगाव जामोदहून कोणाच्या ना कोणाच्या हाती रविवारी जवारीची पिशवी पाठवायचा. अन्नपूर्णा नदीवर धुणं धुवायला जायची, तेवढ्यात ती आलेली असायची. मामा आपला आहे, त्याचं घेण्यात कसली लाज?

"आपली जवारी खाते तरी कोन?" सोमवारी पुष्पानं विषय काढला.

"दुसरं कोन असनार?" अन्नपूर्णा म्हणाली. "काल नदीहून येता येता मले दिसली पंचफुला. डोक्यावर मोळी, आमच्या परसदाराकडून येऊन राह्यली होती. मले पाहून तोंडच फिरवलं. खाल्लं नसतं तर तोंड काऊन लपवलं असतं?"

झालं! सगळ्या पोरी निंबाखाली पंचफुलाभोवती गोळा झाल्या.

"आमची जवारी तूच खातं नं?" अन्नपूर्णानं विचारलं.

"नाही."

"मंग कोन खाते?"

पंचफुला खाली पाहून म्हणाली, "मले माहीत हाये कोन खाते ते."

"माहीत हाये तं सांग नं वं!" पुष्पा ओरडली. "घे नाव!"

पंचफुलानं मान वर केली. एकेकीकडे पाहत तिची नजर अन्नपूर्णाशी येऊन थांबली. तिच्या हातातल्या भाकरीच्या फडक्याकडे तिनं क्षणभर पाहिलं.

"हाव," ती म्हणाली. "मीच खातो."

पोरींनी एकच गिल्ला केला. पुष्पानं अन्नपूर्णाच्या गळ्यात हात टाकला. "तू म्हने तेच निघालं वं!" त्या दुपारी पुष्पानं आपल्या डब्यातली वांग्याची भाजी तिला वाढली. कितीतरी दिवसांनी अन्नपूर्णाला भाजीभाकर मिळाली. पंचफुलाशी त्या दिवसापासून कोणी बोलायचं नाही असं ठरलं, आणि अन्नपूर्णानं वर आणखी एक ठरवून टाकलं, "त्या फुकटखाऊसाठी मूठ काऊन टाकाची? या शनिवारी डब्यात कोनीच काही टाकाचं नाही."

कोणीच टाकलं नाही. वर्गात पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं होतं.

पंचफुला आली. रिकाम्या डब्याकडे तिनं पाहिलं आणि नेहमीसारखी गाडग्यात मूठ सोडली.

"पाहा वं, स्वतःच्याच घरी दान!" अन्नपूर्णा म्हणाली. पोरी फिदीफिदी हसल्या. तिला आणखीच चेव आला. गुरुजींनी नकाशासाठी जपून ठेवलेला गुलाबी खडू तिनं उचलला, त्याचा तुकडा मोडला आणि नेम धरून गाडग्यात फेकला. "घे, मीठ!"

पंचफुलानं काही तो उचलला नाही.

सुटीच्या वेळी गुरुजींनी डबा उघडला. "रिकामा?"

सगळ्यांनी दप्तरं आवरायला घेतली. गुरुजी दाराशी वाकले, त्यांनी ते गाडगं काखेत घेतलं आणि निघून गेले.

रविवारी अन्नपूर्णा नदीवरून आली, तर पिशवी आली होती.

"मामाची जवारी आली," चुलीपुढून सोजराबाई म्हणाली. तिनं लेकीकडे पाहिलं नाही. "निवडून घे. दळाची हाये."

अन्नपूर्णानं पिशवी सुपात ओतली. पांढरे दाणे आले, पिवळे आले, लालही आले.

"माय, मामाच्या वावरात लाल जवारी कधीपासून?"

सोजराबाई चूल फुंकत राहिली. ओलं लाकूड पेटत नव्हतं.

असेल, मामानं कुठून तरी मिसळ घेतली असेल, असं म्हणत अन्नपूर्णानं सूप पाखडलं. कोंडा उडाला, दाणे मागं सरकले. सुपाच्या काठाशी गुलाबी खडूचा तुकडा तेवढा राहिला.