घरची काकडी

अन्नपूर्णा राखेचं टोपलं घेऊन आली, तोवर नत्थूने दोन वेलांवरचे लाल भुंगे वेचून पाण्याच्या डब्यात टाकले होते. घरामागच्या सांदवाडीत काकडीचे एवढेच वेल धड उरले होते. चैत्र सरत आला होता, आणि ऊन सकाळपासूनच अंगावर धावून येत होतं.

"पानावर टाक, फुलावर नोको," नत्थू म्हणाला.

"आता मले शिकवता का?"

पोरीच्या बाबतीत नत्थूचा कुणावरच भरवसा नव्हता, बायकोवरही नाही. मोनालीला सातवा लागला होता. बाळंतपणासाठी ती परवा सिंदीहून माहेरी यायची होती. मागच्या उन्हाळ्यात तिचं पाचव्या महिन्यातच गेलं, तेव्हापासून बापाचा जीव टांगणीला लागला होता. हे लेकरू सुखरूप हाती यावं, एवढंच त्याचं देवाकडे मागणं होतं. त्यात पोरीला डोहाळे लागले ते काकडीचे. मग काय, नत्थूने सांदवाडीत मुक्कामच ठोकला.

कुंपणापलीकडून शेजारचा बंडूजी मजा पाहत होता.

"काऊन एवढा जीव काढून राह्यला, नत्थूभाऊ? वावरातल्या पंपात औषध उरलं असन थोडं, मार नं इकडं बी. सकाळी एक भुंगा दिसनार नाई."

"या वेलाजवळ कोनी पंप आनला तं हात तोडीन त्याचा!" नत्थू ओरडला. "माही पोरगी खाईन हे."

"धुतलं का निघून जाते सारं."

"मंग तुह्या घरच्यायले खाऊ घाल धुवून."

बंडूजी हसत निघून गेला. त्याला राग असा कधी येतच नसे.

वावर म्हणजे नाल्याकडचं शेत, किसनरावांचं. मोनालीचं लग्न झाल्यावर नत्थूने ते ठेक्याने घेतलं होतं. तिथेही काकडीच होती, पण ती बाजाराची. तिच्यावर भुंगा दिसला की नत्थू राख शोधत बसत नसे, सरळ औषध मारी. फवारल्यावर काही दिवस तोडणी करू नये, असं बाटलीवर छापलेलं होतं. पण उन्हाळ्यात काकडी थांबते थोडीच? जून होते, पिवळी पडते, मग तिला कुत्रं विचारत नाही. सगळेच संध्याकाळी फवारायचे आणि सकाळी तोडायचे. नत्थूही तेच करायचा. त्यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. खाणारी माणसं कोण, कुठली, ते त्याला कधी दिसलं नव्हतं.

त्या संध्याकाळीही तो फवारून आला, अंगावर साबण घासघासून आंघोळ केली आणि मगच पोरीला फोन लावला.

"बाजारातलं कच्चं काई खाऊ नोको, बाई. लोकं काय काय मारतेत त्याच्यावर."

अन्नपूर्णाने भाकरी थापता थापता नवऱ्याकडे पाहिलं.

"नाई खात, बाबा," मोनाली म्हणाली. "तुमी ठेवा माह्यासाठी."

"ठेवल्या. तू ये फक्त. उन्हाच्या आधी निघजो."

सकाळी उजाडताच त्याने वावरातला माल तोडला, आपलं नाव रंगवलेल्या क्रेटमध्ये भरला आणि बंडूजीच्या मालवाहू ऑटोत चढवला. गावातल्या चारपाच घरांचा भाजीपाला बंडूजीच सिंदीच्या बाजारात नेऊन विकत असे. ऑटो गेल्यावर नत्थू घरी येऊन सांदवाडीत शिरला. कोवळ्या काकड्या त्याने एकेक करून देठासकट कापल्या. अन्नपूर्णाने त्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवल्या. त्या दिवशी नत्थू किती दिवसांनी मनापासून जेवला.

दुपारी जावयाचा फोन आला.

"मामाजी, मोनालीले दवाखान्यात आनलं." प्रफुल्ल म्हणाला. "उलट्या थांबूनच नाई राह्यल्या. तोंडातून लाळ गळते, घामानं भिजून गेली. डोळ्यापुढं धुकं धुकं दिसते म्हने."

"ऊन लागलं असन, बापू. कालपासून लय तापून राह्यलं."

"डॉक्टर म्हनतेत, खान्यात काईतरी आलं. मी सांगतलं त्यायले, बाहेरच्या वस्तूले हातबी लावत नाई ते. घरचंच खाते."

"मीच बजावलं होतं तिले," नत्थू म्हणाला. मग कसंबसं विचारलं, "अन् लेकरू?"

"ठोके पाहून राह्यले. तुमी या लवकर."

अन्नपूर्णा देवापुढे जाऊन बसली आणि मोठ्याने रडू लागली. "रडू नोको, अपशकुन करू नोको," म्हणून नत्थू तिच्यावर खेकसला, पण त्याला स्वतःला चपला सापडत नव्हत्या. त्या पायातच होत्या. जाता जाता त्याने माठाजवळचं ओलं फडकं उचलून पिशवीत टाकलं. उन्हाच्या त्रासावर काकडी बरी. दवाखान्यात पडलेल्या पोरीसाठी दुसरं काय न्यावं, ते त्याला सुचत नव्हतं.

तो धावतच बाहेर आला. बंडूजीचा ऑटो नुकताच दारात येऊन उभा राहिला होता. बंडूजी रिकाम्या क्रेट उतरवत होता. माल लवकर खपलेला दिसत होता, स्वारी खुशीत होती.

"बंडू, ऑटो फिरव," नत्थूला धाप लागली होती. "सिंदीले चाल, आत्ताच्या आत्ता. मोनाली..."

"अरे, तेच सांगनार होतो तुले!" बंडूजीने त्याला बोलूच दिलं नाही. "सकाळीच भेटली ना ते बाजारात, सासूसंगं. तुह्या क्रेटा दुरूनच ओळखल्या पोरीनं. म्या म्हटलं, घे बाई, पोटभर खा. उभ्या उभ्या तीन खाल्ल्या. धुवून तं घे म्हटलं, तं हासाले लागली. म्हने, काका, माह्या बाबाच्या हातची हाय, ही काय विकतची हाय?"