उघड्या पत्र्यावर

कास्मीरने गाळ्याचं शटर वर केलं आणि आधी मोटरसायकलच्या टाकीकडे पाहिलं. टेबलावरच्या त्या चकचकीत पत्र्यावर तांबूस डाग उमटले होते. दोन. पेट्रोलच्या झाकणाच्या दोन बाजूंना.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. परळच्या या गाळ्यात चौतीस वर्षं तो मोटरसायकलींचे सांगाडे आणि टाक्या खरवडून नव्याने रंगवत होता. त्याच्या रंगाखालून आजवर कधी गंज वर आला नव्हता, आणि लांबलांबून गिऱ्हाईक यायचं ते याच एका गोष्टीसाठी. गाळ्याचा नियमही एकच. रंग काढलेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. मुंबईची हवा खारट. हाताचा घाम लागला की रातोरात पत्र्यावर बोटं उमटतात आणि मग रंगाच्या आत बसून पत्रा खातात. काल त्याने टाकी आतून गंजरोधक लेप देऊन सुकायला ठेवली होती, बाहेरून नुसती उघडी. तेवढ्यात हे.

गाळ्यात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको व्हायोला. तेव्हा आपलंच नाणं खोटं, असं त्याने ठरवून टाकलं.

"हातमोजे न घालता पुसलीस ना टाकी?"

"नाही रे. मी कशाला..."

"चौतीस वर्षांत एवढं शिकली नाहीस! उद्यापासून येऊ नको तू."

व्हायोलाने वाद घातला नाही. रबरी हातमोजे काढले, धुतले, खिळ्याला अडकवले आणि ती घरी निघून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, हे कास्मीरला एकट्याने डबा खाताना कळलं. पण मान वाकवायची कोणी?

त्याने डाग घासून काढले. पत्रा थिनरने तीनदा पुसला आणि राखाडी प्राइमरचे दोन थर मारले. मधेच राकेशचा फोन आला. टाकी त्याची, मूळची लाल. गाडी पार्किंगमध्ये पडली म्हणे. पुढचा मडगार्ड त्याने आधीच नवा बसवून आणला होता.

"अंकल, झाली का? काळीच करा हां. लाल कुठे दिसता कामा नये."

घाई भारी होती पोराला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंज प्राइमरवर आला होता. आतून नाही, वरून. कोरड्या, टणक प्राइमरच्या वर. आणि आता ते डाग राहिले नव्हते. दोन पंजे होते, पाचही बोटं सुटी सुटी. कास्मीरने आपला हात शेजारी धरून पाहिला. त्याच्या एका तळव्यात ते दोन्ही पंजे मावले असते.

त्याचं धाबं दणाणलं. थिनर खोटा म्हणावा तर तो कालच नवा फोडलेला. घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना. एक मात्र कळलं की व्हायोलाचा हात एवढासा नाही. तो गाळा तसाच उघडा टाकून घरी गेला.

"चल," तो दारातूनच म्हणाला. "माझंच चुकलं. पण बघ येऊन. मला भीती वाटते गं."

व्हायोला टाकीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने क्रुसाची खूण केली.

"पोराचे हात आहेत हे. विचार त्या राकेशला, घरात लहान कोण आहे."

कास्मीरने फोन लावला.

"माझी मुलगी बसते ना पुढे, टाकीला धरून," राकेश म्हणाला. "तिचेच असणार, अंकल. दुसऱ्या कोणाचे असणार?"

बुडत्याला काडीचा आधार. जुना घाम पत्र्यात मुरला असेल, कास्मीरने मनाची समजूत घातली. "मग तिला घेऊन ये. खात्री झाल्याशिवाय मी रंग मारणार नाही."

संध्याकाळी राकेश स्पृहाला घेऊन आला. पाच वर्षांची, शाळेच्याच कपड्यांत. ती उड्या मारत आत आली, तो उंबऱ्याशीच थांबला. कास्मीरने टाकी उचलून, रंग काढल्यापासून पहिल्यांदाच, राकेशच्या गाडीवर बसवली आणि पोरीला सीटवर ठेवलं.

"कशी बसतेस, दाखव बाळा."

स्पृहाने वाकून दोन्ही हात त्या पंजांवर ठेवले. माप तंतोतंत जुळलं. कास्मीरच्या छातीवरचं ओझं उतरलं. व्हायोलाकडे बघून तो हसलासुद्धा.

स्पृहाने हात उचलले, पुन्हा ठेवले. तिला काहीतरी जमत नव्हतं.

"आंटी, याची बोटं माझ्याकडे आहेत," ती व्हायोलाला म्हणाली. "हा माझ्याकडे तोंड करून बसलाय."

कास्मीर वाकला. टेबलावर टाकीची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, याचा त्याने विचारच केला नव्हता. स्पृहाची बोटं हँडलकडे होती. गंजलेली बोटं सीटकडे, गाडी चालवणाऱ्याकडे होती. टाकीला धरून बसलेल्या पोराचे ते हात नव्हतेच. समोरून, हँडलवरून येऊन टाकीवर आदळलेल्या पोराचे होते.

व्हायोलाने स्पृहाला उचलून कडेवर घेतलं. कास्मीरने दाराकडे पाहिलं. राकेशला कोणी काहीच विचारलं नव्हतं.

"मी ब्रेक मारला होता, अंकल," तो म्हणाला.